पाच नियमांचं पोस्टर

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा बसलो, दोनदा पुसून टाकलं. कारण यात माझा चांगलाच पचका झालाय, आणि स्वतःचा पचका स्वतःच्या हातानं टाइप करण्याइतका मी काही साधुसंत नाही. पण परवा केस कापायला गेलो, तर तिथे एकजण हीच गोष्ट रंगवून सांगत होता. त्याच्या गोष्टीत मी खुर्चीवर चढून ढसाढसा रडलो होतो! खुर्चीवर चढलो होतो हे खरं. रडलो नव्हतो. म्हटलं, आता लिहिलंच पाहिजे.

तर मंडळी, आमच्या विद्यापीठात विद्यार्थी रोजगार कक्ष नावाची एक खोली आहे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात पोरांना शिकता शिकता करायला ज्या छोट्या नोकऱ्या असतात, त्या या खोलीतून मिळतात. त्यासाठी कोण पात्र आणि कोण अपात्र हे तपासायला एक टेबल आहे. त्या टेबलामागे मी!

मीही विद्यार्थीच, तिसऱ्या वर्षाचा, आणि माझी ही जागाही त्याच छोट्या नोकऱ्यांतली. पण टेबलाच्या आतल्या बाजूला बसलं की माणसाची मान आपोआप दोन इंच वर जाते, असा माझा अनुभव आहे. नियमावली चौतीस पानांची. ती मला तोंडपाठ. पोरं नुसती दारात उभी राहिली तरी मी चेहरा बघून सांगायचो, "दोन नोकऱ्या. अपात्र. पुढचा!" मित्र मला 'वकील' म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, असं बोक्याचं मत आहे. मला तसं वाटत नाही.

बोका म्हणजे माझा जिगरी दोस्त. याला बोका म्हणतात कारण हा कुठंही झोपतो. बाकावर झोपतो, जिन्यात झोपतो, रांगेत उभ्यानं झोपतो. ओळखपत्रासाठी फोटो काढताना झोपला, त्यामुळे त्याच्या ओळखपत्रावर आजही डोळे मिटलेले आहेत. दारावरचा रखवालदार रोज ते कार्ड बघतो आणि रोज विचारतो, "हा गेला कधी?"

तर या बोक्याचं संख्याशास्त्र राहिलं होतं. फेरपरीक्षा मोठ्या सुटीनंतर. आता सुटीत वसतिगृह बंद. फक्त ज्याला विद्यापीठात नोकरी आहे त्यालाच खोली ठेवता येते. नोकरी नाही तर घरी जा. आणि घरी बोक्याच्या थोरल्या भावाचा सुतारकामाचा कारखाना. करवत सकाळी सातला सुरू होते आणि तिच्या आवाजात माणसाला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही, संख्याशास्त्र कुठून आठवणार! भावानं स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी नापास झालास तर पुस्तकं गुंडाळ आणि रंधा धर."

ग्रंथालयात सुटीपुरती एक जागा निघाली, अर्ज पुढच्या सोमवारी. एकच!

बोका माझ्याकडे आला. डोळे उघडे होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"वकील, ही जागा मला मिळाली पाहिजे रे."

"मिळाली समज," मी म्हणालो.

"तसं नको. नीट सांग. किती वाजता येऊ? आठला येऊ?"

"आठला कशाला? कार्यालय कुणाचं? माझं! अकराला ये. तोवर झोप निवांत."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही.

आमच्या कक्षाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. एकोणतीस वर्षं नोकरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की पंखासुद्धा दचकून हळू फिरतो. त्यांनी त्याच आठवड्यात मला बोलावलं आणि म्हणाल्या, "ही चौतीस पानं कोणी वाचत नाही. एका पानात बसव. पोस्टर कर. तुला ते कॉम्प्युटरवर जमतं ना?"

जमतं ना? मला! मी कुठल्याही क्लासला न जाता, रात्रंदिवस स्वतः धडपडून पोस्टर करायला शिकलेला माणूस! तीन दिवस बसलो. चौतीस पानं पिळली, पिळली, आणि त्यातून पाच नियम काढले. आठवड्याला वीस तासांच्या वर काम नाही. हजेरी पंचाहत्तर टक्के. एका वेळी एकच नोकरी. नातेवाइकाच्या हाताखाली काम नाही. ओळखपत्र सोबत आणणे. संपलं! शेंबडं पोरही वाचेल!

खरं तर नियम सहा होत होते. नियमावलीतला अगदी पहिला नियम होता, 'अर्जदार हा या विद्यापीठाचा प्रवेशित विद्यार्थी असणे अनिवार्य आहे.' आता हे काय लिहायचं? माशाला पोहता आलं पाहिजे, असं कोणी लिहितं का? उगाच दोन ओळी खात होता. तो मी उडवला आणि त्या जागी एक हसरं पुस्तक काढलं. फारच गोड आलं. मग वर मोठ्या अक्षरात 'नोकरी पाहिजे? ग्रंथालयात एक जागा, अर्ज सोमवारी' आणि खाली, पोस्टरला जरा जोर यावा म्हणून, माझ्या पदरचं एक वाक्य: 'आधी येईल त्याला आधी!'

मोठ्या बाईंनी फक्त पुस्तकाकडे पाहिलं. "छान हसतंय," म्हणाल्या आणि न वाचता सही केली, शिक्का मारला. माझ्यावर विश्वास होता हो त्यांचा!

घरी नेऊन दाखवलं. माझे बाबा चार महिन्यांपूर्वी बसच्या डेपोतून निवृत्त झाले. एकतीस वर्षं कंडक्टर होते. आता दिवसभर घरात फिरायचे आणि दार लागलं तरी 'चला, पुढे सरका' म्हणायचे. त्यांनी ते पोस्टर हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"हे तू केलंस?"

"हो."

"सगळं? हे पुस्तकपण?"

"पुस्तकपण."

बाबा नुसते म्हणाले, "वीसेक प्रती जास्तीच्या दे." मला वाटलं, आत्या-काकांना पाठवणार असतील. मी तीस दिल्या.

सोमवारी साडेनऊला, हलकी शीळ घालत, मी कार्यालयाच्या इमारतीचं वळण घेतलं आणि थांबलो. रांग! साधी रांग नव्हे हो. दारातून सुरू होऊन, जिना उतरून, सायकलींच्या शेडला वळसा घालून ती थेट फाटकापर्यंत गेली होती. माझी छाती फुगली. म्हटलं, याला म्हणतात पोस्टर!

मग मी चेहरे बघायला लागलो.

पहिल्या दहांत एकालाही मिशी फुटायची बाकी नव्हती. उलट चौघांच्या पांढऱ्या झालेल्या होत्या. एक शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून आला होता. कोपऱ्यावरचा न्हावी होता. निवृत्त गायन मास्तर होते, ते वेळ जात नाही म्हणून खालच्या पट्टीत गुणगुणत होते. दोघं साडू होते आणि पुढचा नंबर कुणाचा यावरून त्यांची जुंपली होती. आणि खाकी कपड्यांतले, धिप्पाड, खणखणीत आवाजाचे डेपोवाले तर किती होते, मोजलेच नाहीत.

आणि सगळ्यांच्या पुढे, दाराला नाक लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, माझे बाबा!

"बाबा! तुम्ही इथं काय करताय?"

"नंबर लावलाय. सहा वाजल्यापासून," बाबा अभिमानानं म्हणाले. मग मागे वळून साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "हाच तो! पोस्टर यानंच केलंय!"

रांगेनं टाळ्या वाजवल्या. शपथेवर सांगतो, मी वाकून नमस्कारसुद्धा केला. इतका मी मूर्ख!

"पण ही सगळी माणसं आली कुठून?"

"पोस्टर लावलं ना मी. डेपोत, न्हाव्याकडं, वाण्याकडं, दवाखान्यात. तीस कमी पडली रे."

मी आत गेलो, टेबलामागे बसलो, मान दोन इंच वर करायचा प्रयत्न केला. जमेना. बाबा समोर अर्ज घेऊन उभे.

"बाबा, हे तुमच्यासाठी नाहीये."

"का? वीस तास लिहिलंय. मी मोकळाच आहे. चाळीस सांग!"

"चाळीस चालत नाही. आणि हजेरी..."

"पंचाहत्तर टक्के ना? एकतीस वर्षांत सोळा रजा. काढ टक्के!"

मी खरंच काढायला लागलो. मग भानावर आलो.

"नातेवाइकाच्या हाताखाली काम करता येत नाही."

"तू कुठं माझा साहेब? साहेब ग्रंथपाल. आणि हे घे ओळखपत्र." त्यांनी डेपोचं कार्ड टेबलावर ठेवलं. फोटोत बाबा तिशीतले, डोळे टक्क उघडे.

"अहो बाबा, हे विद्यार्थ्यांसाठी आहे!"

"कुठं लिहिलंय?"

"तिथं... पोस्टरवर..."

बाबांनी खिशातून पोस्टर काढलं, उलगडलं, बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचली. मागचे पंधराजण माना पुढे काढून ऐकत होते. 'विद्यार्थी' हा शब्द कुठेही नव्हता. शिक्क्यात कक्षाच्या नावात होता, पण शिक्का नेमका हसऱ्या पुस्तकाच्या दातांवर उमटला होता.

"नाही लिहिलेलं," शिंप्यानं निकाल दिला.

"शिक्का आहे, सही आहे," न्हावी म्हणाला.

"आणि आधी येईल त्याला आधी!" दोघे साडू म्हणाले. सकाळपासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

गलबला ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी रांग पाहिली. पोस्टर पाहिलं. या वेळी वाचलं. चष्मा नाकावरून घसरून दोरीला लटकला.

"पहिला नियम कुठाय?" बाईंनी अगदी हळू विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिथं... पुस्तक काढलं, बाई."

तेवढ्यात कुलसचिव साहेब आले. म्हणजे विद्यापीठाचे सगळे कागद ज्यांच्या सहीनं हलतात ते. फाटकात त्यांची गाडी या रांगेनं अडवली होती. त्यांनी पोस्टर वाचलं आणि म्हणाले, "शिक्का आपला. सही आपली. म्हणजे शब्दही आपलाच. उद्या ही माणसं वर्तमानपत्रात गेली तर? दोन वाजेपर्यंत यातून नियमात बसणारी वाट काढा. नाही निघाली, तर पहिल्या नंबरला जागा देऊन टाका आणि फाटक मोकळं करा!"

पहिला नंबर म्हणजे माझे बाबा. बाबांनी कॉलर नीट केली.

आणि तेव्हाच, बरोब्बर अकरा वाजता, खिडकीतून मला बोका दिसला. मी सांगितलं होतं तसा, निवांत झोपून, केस विंचरून आला होता. रखवालदारानं त्याच्या हातात नंबराची चिठ्ठी दिली. त्यानं चिठ्ठी बघितली, रांग बघितली, मग वर माझ्या खिडकीकडे बघितलं. दोन्ही हातांनी आकडा करून दाखवला. एकशे त्रेचाळीस.

इतके टक्क उघडे डोळे मी त्याचे कधीच पाहिले नव्हते. मंडळी, त्या डोळ्यांत मला करवत दिसली.

मी नियमावली घेऊन कोपऱ्यात बसलो. तोंडपाठ होती म्हणालो ना मी? तर एक गोष्ट सांगायची राहिली. तोंडपाठ म्हणजे तिसाव्या पानापर्यंत. पुढं परिशिष्टं होती. परिशिष्टं कोण वाचतो! त्या दिवशी वाचली. घाम पुसत वाचली. आणि एकतिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं, 'कक्षाची कोणतीही सूचना या नियमावलीशी विसंगत असल्यास नियमावलीच ग्राह्य धरावी. मात्र सदर चूक सूचना करणाऱ्याने अर्जदारांसमोर जाहीर करावी.'

"वाट सापडली, बाई!"

बाईंनी वाचलं. "सूचना करणाऱ्यानं," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोणी?"

"मी... हात वर करू का?"

"खुर्चीवर चढ. शेवटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

तर ती खुर्ची ही अशी! व्हरांड्यात खुर्ची ठेवली. चढलो. डोळे कोरडे होते, हे पुन्हा नमूद करतो. समोर दीडशे माणसं, आणि सगळ्यांत पुढे बाबा, मी आता भाषण करणार अशा आनंदात.

"मंडळी, पोस्टर चुकलंय. ही नोकरी फक्त इथल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तो नियम मी गाळला. चूक बाईंची नाही, छापखान्याची नाही. माझी आहे. तुम्ही सकाळपासून उभे राहिलात, माफ करा."

मग पहिला आवाज उठला, "म्हणजे आम्ही काय येडे?" दुसरा, "माझं दुकान बंद आहे सकाळपासून!" मग सगळाच कल्ला. रांग पुढे सरकायला लागली. खुर्ची डुगडुगली. गायन मास्तरांनी एकदम वरचा सूर लावला, तो रागाचा होता की सवयीचा कळलं नाही.

आणि तेवढ्यात एक आवाज आला.

"चला मागे! मागे सरका! गाडी इथवरच! पुढं जाणार नाही!"

बाबा! पाठ माझ्याकडे, दोन्ही हात पसरलेले. एकतीस वर्षं भरलेल्या बसमधली माणसं त्यांनी नुसत्या आवाजानं उतरवली होती, दीडशे म्हणजे त्यांना अडीच गाड्या. "सावकाश उतरा! जिन्यावर ढकलाढकली नाही! आजीबाईंना हात द्या! विद्यार्थी असतील त्यांनीच थांबा!" दहा मिनिटांत व्हरांडा रिकामा. जाताना न्हावी मला म्हणाला, "पोस्टर झकास होतं हां, पण."

बाबांनी मला खुर्चीवरून खाली घेतलं. मी मान वर करेना.

"तुमचा नंबर पहिला होता," मी म्हणालो.

"नंबर गेला तर गेला. एकतीस वर्षांत आमच्या डेपोत एक साहेब खुर्चीवर चढून 'चूक माझी' म्हणाला नाही. खुर्चीवर चढायचे, पण दुसऱ्याची सांगायला." आणि त्यांनी माझी कॉलर नीट केली.

व्हरांड्यात नऊ विद्यार्थी उरले. हे आमचं खरं गिऱ्हाईक! पाऊण वाजला होता. परीक्षा विभागातून या सत्राची हजेरीची ताजी यादी त्याच सकाळी आली होती. मी एकेक अर्ज घ्यायला लागलो. पहिल्याची हजेरी बावन्न. दुसरीची मावशी ग्रंथपाल. तिसऱ्याला आधीच दोन नोकऱ्या आणि तिसरीवर डोळा. चौथा म्हणाला, "मी आजारी होतो," शेजारचा म्हणाला, "हो, क्रिकेटनं." आठजण गेले. उरला बोका.

त्याचा आकडा शोधत मी यादीवर बोट खाली नेलं. हा झोपाळू! याची हजेरी कुठून येणार? बघतो तर काय, शंभर! शंभर टक्के!

"बोक्या, हे कसं काय?"

"वर्गातल्याइतकी गाढ झोप दुसरीकडं कुठं लागते?" तो म्हणाला. "मी एकही तास चुकवत नाही."

मी शिक्का उचलला. पात्र! आणि शिक्का हवेत असतानाच माझी नजर यादीत एक ओळ खाली गेली. बोक्याच्या खालचा क्रमांक माझा आहे.

अडुसष्ट.

हो. माझीच हजेरी. दुसऱ्यांच्या हजेऱ्या तपासत या टेबलामागे बसलो होतो ना, ते तास कुठून आले असतील? वर्गातून! मी स्वतःलाच अपात्र करत बसलो होतो, रोज, मान दोन इंच वर ठेवून.

कोणी पाहिलं नव्हतं. यादी माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे. पण एकतिसावं पान आता मी वाचलेलं होतं. त्याच पानावर पुढचं कलम होतं, 'तपासणारा स्वतः पात्र नसल्यास त्याने तपासलेले अर्ज रद्द समजावेत.' म्हणजे हा शिक्का मी मारला आणि पुढच्या महिन्यात कोणी यादी उघडली, की बोक्याची नोकरी रद्द, खोली रद्द, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर रंधा हातात.

दोन वाजायला वीस मिनिटं होती. मी शिक्का खाली ठेवला.

"बाई, हे नऊ अर्ज तुम्ही तपासा. सही तुम्ही करा."

"का? तुझा हात मोडला?"

"माझी हजेरी अडुसष्ट आहे."

बाईंनी यादी ओढली. पाहिली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पंखा हळू झाला, असं मला वाटलं.

"नियम माहितीये ना तुला?"

"तोंडपाठ आहे, बाई. आता चौतिसाव्या पानापर्यंत."

त्यांनी नऊच्या नऊ अर्ज पुन्हा तपासले, बोक्याच्या अर्जावर सही केली, स्वतःच्या हातानं शिक्का मारला, आणि तोच हात माझ्यापुढे केला. मी टेबलाची किल्ली त्यावर ठेवली. बाई म्हणाल्या, "पुढच्या सत्रात पंचाहत्तर कर आणि परत ये. टेबल कुठं पळत नाही." आणि किल्ली मुठीत घेत, "पुस्तक काढू नकोस फक्त."

बाहेर फाटकाशी बाबा रखवालदाराला सांगत होते, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "आज माझ्या पोराची नोकरी गेली! पण सकाळी पहिला अपात्र त्यानं बापाला केलं आणि शेवटचा स्वतःला. मधे एकालाही सोडलं नाही. आहे कुणाचा असा?" रखवालदार म्हणाला, "नाही बुवा." आता माणसाची नोकरी गेल्यावर पेढे वाटल्यासारखं तोंड करून कोणी सांगतं का? पण बाबांनी ती बातमी डेपोपर्यंत पोचवली. पायी!

बोका जिन्यावर बसला होता. मांडीवर ग्रंथालयात रुजू व्हायचा अर्ज. मी शेजारी बसलो.

"खोली राहिली रे," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता. "दादाला फोन केला. म्हणाला, बरं, अभ्यास कर."

"मग! मी सांगितलं होतं ना, मिळाली समज!" मी म्हणालो, आणि सवयीनं त्याच्या मांडीवरचा अर्ज ओढला. "आण, भरून देतो. यातला पहिला रकाना उगाच आहे बघ, हा..."

"वकील."

"काय?"

"हात मागे घे."

घेतला.

"मला एक वचन दे. यापुढं माझा कुठलाही कागद तू भरणार नाहीस. कुठलाही!"

जरा लागलं मनाला. पण माणूस एकशे त्रेचाळीसाव्या नंबरावर तीन तास जागा राहिला होता. तेही माझ्यामुळे. मी त्याच्या हातात हात दिला.

"दिलं वचन," मी म्हणालो. "तुझं लग्न ठरलं तरी पत्रिकेचा मजकूर मी लिहिणार नाही. नाहीतर नवऱ्या मुलाचं नाव गाळीन, कारण ते काय, सगळ्यांना माहितीच असतं."